शनीच्या मागे लागलेला माणूस

गल्लीत त्याला सगळे 'दुर्बीण' म्हणत. पन्नाशी उलटलेला, पोट थोडं पुढे आलेला, भुवयांवर कायम मैद्याची पूड, असा हा बेकरीवाला. "दुर्बीण, एक मोठा ब्रेड दे, आणि कालचा देऊ नकोस," असं लोक खुशाल म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. इतरांच्या मागे शनी लागतो, हा पठ्ठ्या शनीच्या मागे लागलाय, हा विनोद पहिल्यांदा समोरच्या न्हाव्याने केला. पुढे तो गल्लीतल्या प्रत्येकाने आपलाच म्हणून केला, आणि दर वेळी दुर्बीण नव्याने हसला. गिऱ्हाईक आहे, हसायला काय जातं?

बेकरी दोघा भावांची. थोरला भट्टी बघायचा, धाकटा, म्हणजे दुर्बीण, मळणं, कापणं, साचे भरणं बघायचा, आणि गल्ल्यावर वहिनी. वहिनीसमोर उधारीचा शब्द काढायची कोणाची छाती नव्हती. धाकट्याचं लग्न राहून गेलं होतं. का राहिलं, याची कारणं वहिनी वेळ बघून वेगवेगळी सांगत. थोरला त्याला अजून 'छोट्या' म्हणायचा.

पहाटेपासून दुपारपर्यंत बेकरीत श्वास घ्यायला फुरसत नसे. दुपारी झोप, आणि दिवेलागणीला धाकटा मागच्या परसात जायचा. परस म्हणजे तीन बाजूंनी भिंती आणि चौथ्या बाजूला बेकरीचीच पाठ. बेकरीच्या भिंतीला धरून सिमेंटचा एक खांब, दोघा भावांनी मिळून ओतलेला, आणि त्यावर बोल्टांनी घट्ट बसवलेली दुर्बीण. बादलीएवढ्या घेराची नळी, तळाशी आरसा, खाली एक मोटर, जी ग्रहाबरोबर नळी हळूहळू फिरवायची. डोळा लावायच्या जागी त्याने आगपेटीएवढा कॅमेरा बसवला होता आणि त्याची वायर लॅपटॉपला जोडली होती.

ग्रहाचा फोटो काढणं हे लग्नातल्या फोटोसारखं नसतं, हे त्याने गल्लीला समजावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ग्रहाची फिल्म घ्यायची असते. त्या फिल्ममध्ये हजारो चित्रं, त्यातली बहुतेक हवेच्या हलण्याने बिघडलेली. मग कॉम्प्युटर मैदा चाळावा तशी ती चाळतो, स्थिर तेवढी निवडतो आणि एकावर एक रचतो. नशिबाने साथ दिली तर त्या थप्पीतून एक स्वच्छ चित्र निघतं. नशीब मात्र साथ देत नव्हतं. चंद्राचे फोटो बरे यायचे, गुरूचे पट्टे ओळखू यायचे, पण शनी म्हटला की चहात बुडवून विसरलेलं बिस्किट. गोळा आणि कडी एकमेकांत विरघळलेली, मधली काळी फट काही केल्या उघडत नव्हती.

त्याने आरसा धुतला. आरशाचे स्क्रू इतके वेळा पिळले की ते बिचारे गुळगुळीत झाले. कॅमेरा बदलला. इंटरनेटवरच्या मंडळींना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की तुमच्याकडची हवाच वाईट असेल. हवेला दोष दिला की माणसाचा दोष राहत नाही, म्हणून हे उत्तर सगळ्यांना आवडतं. त्याला नाही आवडलं. तो चिवट होता. पीठ फुगलं नाही तर पुन्हा मळायचं, एवढंच त्याला ठाऊक.

हे सगळं आणखी पाच-दहा वर्षं असंच चाललं असतं आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. पण मधेच थोरल्याच्या, म्हणजे दादाच्या, डोळ्यांची भानगड उघडी पडली.

डिलिव्हरीच्या गाडीच्या लायसन्ससाठी दादा डोळे तपासायला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. दादाने खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली. अडचण एवढीच झाली, की बाईंनी त्या आठवड्यात तक्ता बदलला होता आणि दादा जुना वाचत होता. गेली कित्येक वर्षं हा माणूस आपला नंबर येईपर्यंत बाहेर बसून, आधीच्या माणसाचं वाचन ऐकून तक्ता पाठ करत आला होता, आणि त्या दिवशी नेमका पहिला नंबर त्याचाच लागल्याने जुन्या पाठांतरावर गेला. वहिनी आधी पोट धरून हसल्या आणि मग तिथेच, बाकड्यावर बसून रडल्या.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. डावा डोळा कामातून गेलेला, उजव्यातला मधला भाग वर्षभरात जाईल असं बाईंनी सांगितलं. कडेकडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसणार नाही. दादाने ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर भट्टीत दोन ओंडके सारले आणि म्हणाला, पावाचा रंग मला वासावरून कळतो.

त्या दिवशी धाकट्याला झोप लागली नाही. त्याला आठवत होतं, की दुर्बीण आली तेव्हापासून दादा अधूनमधून परसात यायचा, कॅमेरा काढलेला असला की वाकून डोळा लावायचा आणि म्हणायचा, "वा, झकास दिसतोय." तक्ता पाठ करणारा माणूस झकास म्हणतो याला किती किंमत द्यायची? म्हणजे दादाने शनी पाहिलाच नव्हता. कधीच नाही. आणि याचं मूळ फार जुनं होतं.

शाळेच्या मैदानात एकदा कोणीतरी दुर्बीण आणली होती. पोरांची ही लांब रांग. दादाचा नंबर आला तेव्हा ढग सरकत येत होते आणि मास्तर घाई करत होते, आता शेवटचा एकच. दादाने मागे वळून छोट्याला कॉलरला धरून पुढे ओढलं. "आधी याला दाखवा," म्हणाला. छोट्याने पाहिलं, आणि ढग आले. घरी येताना छोट्याच्या तोंडाला खंड नव्हता. दादाने सगळ्या वाटेत एकच विचारलं होतं, की कडी खरंच सुटी असते का, गोळ्याला कुठेतरी चिकटलेली असणारच ना? छोट्या म्हणाला, सुटी असते. दादाचा काही विश्वास बसला नव्हता.

त्या वेळी दिलेला नंबर परत करायचा राहिला होता. आता त्याला मुदत लागली होती. दुर्बिणीला डोळा लावून दादाला काही दिसणार नव्हतं, हे उघडच होतं. पण खोलीतल्या मोठ्या टीव्हीवर, भिंतभर मोठा केलेला, फट स्वच्छ उघडलेला शनी? तो कदाचित दिसेल. धाकट्याने ठरवलं की उजवा डोळा जायच्या आत फट उघडायची. कोणाला सांगितलं नाही. सांगून करायची कामं वेगळी.

पुढचे दोन महिने तो रोज संध्याकाळी परसात. वहिनींनी जेवायला हाका मारून मारून सोडून दिलं आणि ताट झाकून ठेवायला लागल्या. फट उघडत नव्हती.

मग एका दुपारी त्याने आदल्या दिवशीची कच्ची फिल्म टीव्हीवर लावली. बिघाड कुठे आहे ते मोठ्या पडद्यावर बघावं, एवढाच हेतू. शनी नुसता थरथरत होता, लांबत होता, आखडत होता. दादा बाजूला खुर्चीत बसून चहा पीत होता, तोंड खिडकीकडे. मधेच त्याचा कप थांबला.

"छोट्या, हे भट्टीचं तोंड का दाखवतोयस?"

"भट्टी कुठली? शनी आहे तो."

"काय आहे ते मला दिसत नाही. पण हलतंय ते भट्टीच्या तोंडाशी हवा हलते तसं. जन्म गेला माझा त्याच्यापुढे."

धाकटा रिमोट हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग परसात गेला, खांबाशी उभा राहिला आणि वर पाहिलं. शनी दक्षिणेला असतो. दक्षिणेला बेकरीचं छप्पर, त्यावर धुराडं, आणि छपराखाली बापाच्या वेळेपासून धगधगत असलेली भट्टी. इतकी वर्षं तो आपल्याच भट्टीच्या वाफाऱ्यातून शनी बघत होता. दुसऱ्या कोणी असा गाढवपणा केला नसता, कारण दुसऱ्या कोणालाही तिथे पाऊल ठेवताच ऊब लागली असती. याला ती कधी लागलीच नव्हती. उलट खांब ओततानाच दोघा भावांनी जागा ठरवली होती ती भिंतीला धरून, वारा लागत नाही आणि थंडीत बरं वाटतं म्हणून.

दुर्बीण हलवता येत होती का, तर नाही. ती सोडवून दुसरीकडे उभी करायला दोन धड माणसं लागत, आणि त्यातल्या एकाची आता पायरी चुकत होती. तिसऱ्याला बोलवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मग त्याने इतर उपाय केले. छपरावर ओली पोती टाकली. धुराड्याला पत्र्याचं वाकडं नळकांडं लावलं, त्याने धूर न्हाव्याच्या दुकानात गेला आणि न्हाव्याने नवा विनोद न करता सरळ भांडण केलं. शनी थरथरतच राहिला.

राहता राहिलं एकच, आणि ते घरात बोलायची सोय नव्हती. भट्टी विझवायची. ही भट्टी सुट्टीच्या दिवशीही विझत नसे. दोन ओंडके टाकून ती निजवायची, मारायची नाही, असा नियम होता. बापाच्या हयातीत ती एकदा पुरती गार झाली होती. घाईने पेटवली तर आतली विटांची कमान उभी तडकली. बापाने आत सरपटत जाऊन ती हाताने बांधली आणि त्याच्या पाठीला पोक आला तो कायमचा. तेव्हापासून ती ऊब दादाच्या जिवाला बांधलेली होती.

तरी धाकट्याने विचारलं. सकाळी, ब्रेडचा पहिला घाणा निघाल्यावर, सरळ विचारलं. दादाने पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, "फोटोसाठी? वेड लागलंय का तुला?" आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. दादा चिडला, मग बोलेनासा झाला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, असतील नसतील ते हट्ट आताच आठवले का? त्यांची काय अवस्था आहे ती बघताय ना." धाकट्याला राग आला, आणि जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते रागाच्या भरात बाहेर पडलं.

"माझ्यासाठी मागत नाहीये, वहिनी. दादा, तू शनी पाहिलाच नाहीस. शाळेतही नाही आणि माझ्या दुर्बिणीतूनही नाही. झकास झकास म्हणून मला फसवलंस. आता मी तो तुला दाखवल्याशिवाय गप्प बसणार नाही. तुला भट्टीपायी नको असेल, तर राहू दे. पण मी रोज विचारणार."

दादा भट्टीकडे वळला. दिवसभर त्याने ब्रेड काढले, फावडं मारलं, एक घाणा करपवला. तो कधी करपवत नसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटा उठून आला तर भट्टीचं तोंड बंद, आणि दादा बाहेर ओंडक्यावर बसलेला. हात रिकामे.

"आतला निखारा मी ओढून काढलाय," तो म्हणाला. "पेटवायची ती मी पेटवणार, माझ्या हाताने, हळूहळू, चार दिवस लावून. मी पेटवायला घेईपर्यंत तुझं जे काय आहे ते उरक."

वहिनींनी शटरवर पाटी लावली, 'दुरुस्तीसाठी बंद'. गल्लीने दुरुस्ती कसली म्हणून खोदून खोदून विचारलं. वहिनी म्हणाल्या, आमच्या घरातल्या माणसांची.

भट्टी गार व्हायला तीन दिवस लागले. ती गार होताना कधी नव्हे ते घरात उंदीर फिरकले, भिंती वेगळ्याच वाटू लागल्या, आणि दादा दर तासाला जाऊन विटांवर तळवा ठेवून यायचा. आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तसा. धाकट्याला ते बघवत नव्हतं. आपण हे काय करून बसलो, असं त्याला शंभरदा वाटलं. पण मागे फिरायला आता निखाराही उरला नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळी भट्टी गार आणि आभाळ भरून आलेलं. एक चांदणी दिसेल तर शपथ. धाकटा तरीही खांबाशी उभा राहिला, झाकण काढून, आरसा निवू देत. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकं पलीकडच्या चौकातल्या बेकरीत जाताना दिसू लागली, ती पण मुद्दाम आमच्यासमोरून, असं वहिनींचं म्हणणं. त्या संध्याकाळीही ढग. दादा म्हणाला, उद्या पेटवतो. धाकटा म्हणाला, परवा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, म्हणजे एकाने पाहिलं आणि दुसऱ्याने मान वळवली.

"परवा," दादा म्हणाला.

पाचव्या दिवशी दुपारनंतर आभाळ धुतल्यासारखं निघालं. दिवेलागणीला शनी छपराच्या वर आला. धाकट्याने कॅमेरा लावला, फोकस फिरवला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर जे दिसलं त्याने त्याचा हात थांबला. शनी उभा होता. नुसता उभा, खिळा मारल्यासारखा. त्याने फिल्म घेतली, मग आणखी एक, मग आणखी, शनी पश्चिमेच्या भिंतीआड जाईपर्यंत. मान आखडली, बोटं बधिर झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या परसात थंडी वाजली.

सकाळी त्याने चित्रं चाळायला लावली. दुपारी तयार झालेलं चित्र टीव्हीवर लावलं, नीट बघितलंही नाही, पडदे ओढले आणि दादाला हाताला धरून आणलं. दादाला समोरच्या बाकावर बसवलं, बाकीचं त्याचं त्याला करू दिलं. वहिनी दारात उभ्या.

दादाने मान वाकडी केली, खिडकीकडे बघत असल्यासारखी. ब्रेड बघायची त्याची तीच पद्धत झाली होती. 

"सुटी आहे रे," तो म्हणाला. "चहूबाजूंनी सुटी. मधे काळं आहे."

धाकट्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे वाक्य दादाला लहानपणापासून ठाऊक होतं. घरी येतानाच्या वाटेवर छोट्यानेच ते शंभरदा सांगितलं होतं. तक्ता पाठ करणारा माणूस! भावाने भट्टी विझवून घेतली, पाच दिवस धंदा बुडाला, आता काही दिसलं नाही म्हणून कोण सांगेल? दादा तर मेला तरी सांगणार नाही. धाकट्याने रिमोट खाली ठेवला. तो कसाबसा म्हणाला, "दिसला ना, झालं तर मग."

"दिसला. पण हा बारका ठिपका कसला?"

"कुठला ठिपका?"

"डावीकडे. पार कडेला. खूप मंद आहे."

धाकट्याने टीव्हीकडे पाहिलं. डावीकडे काळोख होता. वहिनी पुढे आल्या, त्यांनीही पाहिलं, आणि नकारार्थी मान हलवली. धुळीचा कण असेल, धाकट्याच्या मनात आलं, किंवा काहीच नसेल. त्याने लॅपटॉप उघडला, डावा कोपरा उजळला. तिथे एक ठिपका होता. त्याने दुसरी फिल्म लावली, मग तिसरी. धूळ असती तर एकाच जागी चिकटून राहिली असती. हा ठिपका शनीबरोबर सरकत होता. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र होता तो. कड्यांच्या नादात त्याच्याकडे बघायचं धाकट्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि त्याबद्दल तो दादाशी जन्मात कधी एक शब्द बोलला नव्हता.

हे पाठ करता येण्यासारखं नव्हतं.

धाकटा लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला आणि मोठ्याने रडायला लागला, शेंबूड पुसत, गल्लीला ऐकू जाईल असा. वहिनी घाबरल्या. दादाला कळेना काय झालं. त्याला वाटलं फोटो बिघडला.

"चंद्र आहे तो," धाकटा म्हणाला. "त्याचा चंद्र. तू पाहिलास, दादा. मला अजून टीव्हीवर दिसत नाही."

"सरळ बघत असशील," दादा म्हणाला. तो बाकावर सरकला आणि हात पुढे करून चाचपत त्याने धाकट्याची कॉलर पकडली, ओढून शेजारी बसवलं. "सरळ बघितलं की नाही दिसत. जरा बाजूला बघ. खिडकीच्या कडीकडे बघ, आणि लक्ष मात्र तिकडे ठेव."

धाकट्याने खिडकीच्या कडीकडे पाहिलं. आधी काही नाही. मग डोळ्याच्या कोपऱ्यात, काळ्या पडद्यावर, एक बारीक उजेड आला आणि टिकून राहिला.

"आला?" दादाने विचारलं.

"आला."

"बघून घे मग. मला भट्टी लावायचीय."